मोठी बरणी कशासाठी, लहान बाटली कशासाठी?



मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता मी घरभेटींसाठी आपल्या धर्मग्रामातील एका वाडीवर गेलो होतो. चहा झाल्यावर घरच्या मावशी आतून काचेची एक मोठी बरणी दोन्ही हातांनी सांभाळत घेऊन आल्या. चांगली चार-पाच लिटरची बरणी. तिच्यात गळ्यापर्यंत फरसबी भरलेली, एकसारखी चिरलेली, वर मिठाचे पाणी आणि झाकण घट्ट लावलेले.

"फादर, यंदा बाजारात फरसबीला भावच नव्हता. गाडीभाडंसुद्धा सुटेना. फेकून कशी द्यायची? म्हणून आठ दिवसांमागं ही बरणी भरली. पोरानं मोबाईलवर बघून सांगितलं, तसंच केलं. नाताळात पाहुणे आले की उघडू."

"किती वेळ उकळली, मावशी?"

"बरणी पातेल्यात ठेवून चांगला अर्धा तास."

मी म्हणालो, "मावशी, ही उघडू नका. खोल खड्डा काढून पुरून टाका."

त्यांचा चेहरा उतरला. शेंगांचा रंग थोडा फिका झाला होता इतकेच. झाकण फुगलेले नव्हते, पाणी गढूळ नव्हते. "पण तिला झालंय काय, फादर?" त्यांनी विचारले. मला पुढच्या घरी जायची घाई होती. त्यात विष तयार झालेले असू शकते, एवढेच सांगून मी उठलो. आपल्या हातच्या अन्नाला कोणी विष म्हणावे हे कोणत्या गृहिणीला सहन होईल? त्या माउलीने कष्टाचे पीक वाया जाऊ नये म्हणून धडपड केली होती आणि मी तिला कारणसुद्धा सांगितले नाही. जे त्या दिवशी सांगायला हवे होते ते आज या पानावर सांगत आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशा मोठ्या बरण्या आहेत, म्हणून सर्वांनीच ते वाचावे.

बरणी तीच, कामे तीन

काचेची बरणी ही फार गुणी वस्तू आहे. तिला गंज चढत नाही, आंबट पदार्थाने ती झिजत नाही, उंदराला ती कुरतडता येत नाही. तिला वास धरत नाही आणि आत काय चालले आहे ते झाकण न उघडता दिसते. पूर्वी वाण्याच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या मोठ्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. रिकाम्या झाल्या की गृहिणी त्या मागून आणीत. आता दुकानात प्लास्टिक आले, तरी काचेची बरणी मिळाली तर आजही सोडू नये.

पण या एकाच बरणीकडून आपण तीन वेगवेगळी कामे करून घेतो, आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत. पहिले काम कोरड्या साठवणीचे, म्हणजे बियाणे, कडधान्य, तांदूळ. दुसरे काम लोणचे आणि आगळ यांचे. येथे मीठ आणि आंबटपणा राखण करतात. तिसरे काम म्हणजे ओला पदार्थ भरून, झाकण लावून, बाटलीसकट उकळणे, म्हणजे तो महिनोन् महिने टिकतो. पहिल्या दोन कामांना मोठी बरणी उत्तम. तिसऱ्या कामाला मोठी बरणी चालत नाही, आणि लहान बाटलीतसुद्धा प्रत्येक पदार्थ चालत नाही. मावशींची चूक झाली ती येथे.

उकळून बंद करण्याची युक्ती कोठून आली?

ही युक्ती फ्रान्समधील निकोलस आपेर नावाच्या मिठाईवाल्याची. त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोग सुरू केले. जाड काचेच्या बाटल्यांत अन्न भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. पुढे १८५८ साली अमेरिकेत जॉन लँडिस मेसन याने फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले आणि ही विद्या घरोघरी गेली.

गंमत अशी की अन्न का टिकते हे आपेरला माहीत नव्हते. हवा निघून गेली म्हणून टिकते, असा त्याचा समज होता. अन्न सूक्ष्म जंतूंमुळे नासते आणि उष्णतेने ते जंतू मरतात, हे लुई पाश्चरच्या प्रयोगांनी पुढे १८६० च्या दशकात स्पष्ट झाले. "हवा गेली, म्हणजे काम झाले" हा आपेरचा समज मात्र अजून आपल्या घरांत आहे. आणि तोच घातक आहे.

हवा नको असलेला जंतू

शेतातल्या मातीत एक जंतू सगळीकडे असतो. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम. शेंगांवर, मुळांवर, पानांवर तो मातीबरोबर येतोच, कितीही धुतले तरी थोडा राहतो. उघड्या हवेत तो आपले काही बिघडवत नाही, कारण हवेतील प्राणवायू त्याला मानवत नाही. तो कवच धारण करून बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतो. एखादे कठीण कवचाचे बी वर्षानुवर्षे जमिनीत पडून राहावे तसा.

या बीजाणूला जागे व्हायला चार गोष्टी लागतात: हवा नसलेली जागा, ओलावा, ऊब आणि आंबटपणाचा अभाव. आता मावशींची बरणी डोळ्यांपुढे आणा. झाकण घट्ट, म्हणजे हवा नाही. आत पाणी आहे. स्वयंपाकघराची ऊब आहे. आणि फरसबी आंबट नाही. जंतूला हवी असलेली प्रत्येक सोय आपण आपल्या हातांनी करून दिली, आणि त्याच्याशी स्पर्धा करणारे इतर जंतू उकळून मारून टाकले.

मग अर्ध्या तासाच्या उकळीने हा जंतू मेला नाही का? जंतू मेला, पण त्याचे बीजाणू मेले नाहीत. ते उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. त्यांना मारायला १०० अंश सेल्सिअस पुरत नाही. त्यासाठी १२१ अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती वाफेच्या दाबाखालीच मिळते. त्यातही आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथे पाणी १०० अंशांनासुद्धा उकळत नाही, ९७-९८ अंशांनाच उकळते. खाली गोव्यात उकळीला जेवढी उष्णता असते, तेवढीसुद्धा आपल्याला मिळत नाही.

बरणीचा आकार हे आणखी एक कारण. बाहेरचे पाणी खळखळत असले तरी मोठ्या बरणीच्या मधोमध उष्णता पोहोचायला फार वेळ लागतो. कडेचा घास शिजून गाळ होतो तरी मधला घास पुरता तापलेला नसतो. म्हणूनच उकळून बंद करण्यासाठी अर्धा लिटर किंवा फार तर एक लिटरची बाटली वापरतात, त्याहून मोठी नाही.

या जंतूने तयार केलेले विष हे माणसाला ठाऊक असलेल्या अति जहाल विषांपैकी एक आहे. १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीसाठी आलेल्या वाजंत्री पथकाने खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यातले तिघे दगावले. उरलेले मांस तपासताना एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाला हा जंतू सापडला. या आजाराला बॉटुलिझम म्हणतात. हा आजार परदेशातला, असे समजून स्वस्थ राहू नये. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेतील मुलांना अन्नातून विषबाधा झाली, तेव्हाही बॉटुलिझमचाच संशय पुढे आला होता.

सर्वांत वाईट गोष्ट ही की या विषाची दर वेळी खूण दिसत नाही. कधी झाकण फुगते, कधी वास येतो. कधी काहीच होत नाही. मावशींची बरणी वाईट दिसत नव्हती, हे खरे. पण ती चांगली आहे हे सांगण्याचा कोणताही उपाय तुमच्या-माझ्याजवळ नव्हता.

मग परदेशातले लोक कसे करतात?

मोबाईलवर दिसते ते सगळे खोटे नसते, पण अर्धे असते. अमेरिकेत गृहिणी फरसबी बाटलीत भरतात, परंतु त्यासाठी दाबमापक बसवलेले खास मोठे भांडे वापरतात आणि तपासून ठरवलेले वेळापत्रक पाळतात. आपला घरचा कुकर त्या कामाचा नाही. तो लवकर तापतो व लवकर निवतो, आणि ती वेळापत्रके मोठ्या भांड्याच्या सावकाश तापण्या-निवण्यासह बसवलेली आहेत. शिट्ट्या मोजून येथे हिशेब लागत नाही.

तेव्हा आपल्यासाठी नियम सोपा आहे. जे आंबट आहे तेच घरी उकळून बाटलीत बंद करावे. जे आंबट नाही ते करू नये. फरसबी, मटार, मका, बटाटा, रताळे, गाजर, बीट, अळंबी, फणसाची भाजी, ओले खोबरे, मासे, मांस आणि रस्सा हे सगळे पदार्थ आंबट नसलेल्यांत मोडतात. लसूण किंवा हिरवी मिरची नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवणे हाही तसाच धोका आहे, कारण तेलाखाली हवा नसते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि भरपूर मीठ घालून त्यांचे रीतसर लोणचे करावे.

मोठ्या बरणीचे पहिले काम: बियाणे आणि कडधान्य

आता मोठ्या बरणीचा खरा मान कोठे आहे ते पाहू. पाच लिटरच्या बरणीत साधारण चार किलो तांदूळ मावतो. वर्षभराचे धान्य बरणीत ठेवणे शक्य नाही, ते कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीतच राहील. पण पुढच्या हंगामाचे बियाणे, घरची तूर, मूग, चवळी, कुळीथ आणि रोजच्या वापराचे जिन्नस यांना बरणीसारखी जागा नाही. खानापूरकडच्या पावसात चार महिने भिंतीसुद्धा ओल्या होतात. अशा वेळी घट्ट झाकणाच्या काचेतून ओल आत जात नाही.

परंतु जी ओल आत जात नाही ती बाहेरही येत नाही, हे ध्यानात घ्यावे. गोणीतल्या धान्याला ओलावा सोडायला वाट असते. बरणीतल्या धान्याला ती नसते. अर्धवट वाळलेले बी बरणीत घातले तर गोणीतल्यापेक्षा लवकर बुरसते आणि त्याची उगवण जाते. म्हणून बरणीत घालायचे बी गोणीत घालायच्या बियांपेक्षा अधिक वाळलेले हवे.

वाळले की नाही हे पाहण्याची एक सोपी परीक्षा बरणीतच करता येते. एक कोरडी ठणठणीत काचेची बाटली घ्यावी. तिच्यात एक तृतीयांश धान्य घालावे आणि दोन-तीन चमचे बारीक, कोरडे मीठ टाकावे. झाकण लावून मिनिटभर चांगले हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ काचेच्या आतल्या बाजूला चिकटले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मीठ मोकळे राहिले तर ओलावा त्याहून कमी आहे. पण एवढ्यावर थांबू नये. तांदूळ आणखी एक-दोन दिवस आणि बियाणे त्याहून अधिक वाळवावे. दाताखाली दाणा दबला तर तो कच्चा; कट् असा आवाज होऊन फुटला तर तो तयार.

बियाणे भर दुपारच्या रणरणत्या उन्हात पत्र्यावर पसरू नये. फार तापले तर आतला अंकुर मरतो. सकाळचे कोवळे ऊन आणि वारा उत्तम. बियाण्याच्या जाणकारांचा एक ठोकताळा आहे: बियातील ओलावा एक टक्का कमी झाला की त्याचे आयुष्य दुप्पट होते, आणि साठवणीची जागा पाच अंश सेल्सिअसने थंड असली तरी तितकाच लाभ होतो. म्हणून बरणी चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये. घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.

बरणीच्या तळाशी कोरड्या राखेची किंवा खरपूस भाजून गार केलेल्या तांदळाची कापडी पुरचुंडी ठेवली तर उरलासुरला ओलावा ती शोषून घेते. हे भाजलेले तांदूळ भाजल्यावर उघड्यावर गार करू नयेत, झाकून गार करावेत. नाहीतर हवेतली ओल तेच आधी ओढतात. बरणी गळ्यापर्यंत भरावी. आत हवा जितकी कमी, तितका भुंगेरा कमी. कडधान्याची कीड पुष्कळदा शेतातूनच अंड्यांच्या रूपाने येते. म्हणून भरल्यानंतर महिनाभर दर आठवड्याला काचेतून पाहावे. दाण्याला भोक किंवा तळाशी पीठ दिसले तर ती बरणी लगेच वेगळी काढावी.

येथे एक इशारा देतो. औषध लावलेले बियाणे आणि खायचे धान्य एकाच फळीवर ठेवू नये. आणि कीटकनाशक किंवा तणनाशक तर कधीही, एका दिवसासाठीसुद्धा, खाण्याच्या बरणीत किंवा बाटलीत ओतू नये. लहान मूल चिठ्ठी वाचत नाही. ते बरणी ओळखते.

दुसरे काम: लोणचे, आगळ, मिठातले आंबे

पास्खाचा सण झाला की कैऱ्या उतरायला लागतात आणि बरण्या माळ्यावरून खाली येतात. आपण जिला चिनीमातीची बरणी म्हणतो तिला इंदूर-ग्वाल्हेरकडे मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातील मार्तबान बंदरातून अशा बरण्या जगभर जात, म्हणून ते नाव पडले. काचेची बरणी तिचेच काम करते, फक्त काचेतून उजेड आत जातो. उजेडाने लोणच्याचा रंग उतरतो आणि तेल खवट होते. म्हणून बरणीभोवती जाड फडके गुंडाळावे किंवा ती कपाटात ठेवावी.

लोणचे टिकते ते मीठ आणि आंबटपणा या दोघांच्या जोरावर. कैरीच्या फोडींच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के मीठ लागते, म्हणजे एक किलो फोडींना १५० ते २०० ग्रॅम. रक्तदाबासाठी मीठ कमी करायचे असेल तर लोणच्यातले मीठ कमी करू नये, ताटातले लोणचे कमी करावे. कमी मिठाचे लोणचे करायचेच असेल तर थोडे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि लवकर संपवावे. फोडी तेलाखाली बुडलेल्या असाव्यात. वर राहिलेल्या फोडीवर आधी बुरशी येते.

कोकमाचे आगळ आणि मिठातल्या कैऱ्या यांनाही हेच लागू. हे पदार्थ इतके आंबट असतात की पत्र्याचे झाकण महिन्या-दोन महिन्यांत खाऊन टाकतात. काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण वापरावे. पत्र्याचेच असेल तर मध्ये स्वच्छ जाड प्लास्टिकचा तुकडा घालावा.

तिसरे काम: लहान बाटलीतला टोमॅटो

भाव पडला की टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतलेले आपण पाहतो. टोमॅटो घरी बाटलीत भरता येतो, पण तो आंबटपणाच्या अगदी काठावर बसलेला आहे; एखादी जात पुरेशी आंबट असते, एखादी नसते. म्हणून त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे बाजारात लिंबाचे फूल म्हणून मिळते ते, घातलेच पाहिजे. घरच्या लिंबाचा आंबटपणा कमी-जास्त असतो, त्यापेक्षा हे खात्रीचे.

अर्ध्या लिटरच्या एका बाटलीला साधारण पाऊण किलो पिकलेले, घट्ट टोमॅटो लागतात. वाळलेल्या किंवा मेलेल्या झाडावरचे, डागी टोमॅटो घेऊ नयेत. त्यांचा आंबटपणा उतरलेला असतो. टोमॅटो धुऊन मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकावेत, साली काढाव्यात, कुस्करून पाच मिनिटे उकळावेत. बाटल्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवलेल्या असाव्यात; थंड काचेत उकळता पदार्थ ओतला की काच तडकते. प्रत्येक अर्ध्या लिटरच्या बाटलीत चहाचा सपाट पाव चमचा लिंबाचे फूल टाकावे, वर गरम टोमॅटो भरावा आणि तोंडापाशी अर्धा इंच जागा सोडावी. बाटलीचे तोंड स्वच्छ पुसून नवे झाकण लावावे. जुन्या झाकणाची आतली कड दबलेली असते आणि ती नीट बसत नाही.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी जाड फडके किंवा लाकडी पट्ट्या घालाव्यात. बाटल्या एकमेकींना न भिडवता उभ्या कराव्यात आणि झाकणांवर एक-दोन इंच पाणी येईल इतके गरम पाणी घालावे. पाणी खळखळू लागल्यापासून वेळ मोजावी, आधीपासून नाही. गोव्यात किंवा वडोदऱ्याला ३५ मिनिटे. बेळगाव, इंदूर, हैदराबाद अशा ३०० मीटरहून उंच ठिकाणी ४० मिनिटे. मग बाटल्या काढून फडक्यावर, वारा लागणार नाही अशा जागी बारा तास स्वस्थ ठेवाव्यात. निवल्यावर झाकणाचा मध्यभाग आत ओढला गेला पाहिजे. दाबल्यावर तो खाली-वर होत असेल तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावी.

यात कांदा, लसूण, कोथिंबीर किंवा भाज्या घालू नयेत. त्यांनी आंबटपणा कमी होतो आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. फोडणी द्यायची ती बाटली उघडल्यावर द्यावी.

मग उरलेल्या फरसबीचे काय?

आपल्या आज्या-पणज्यांना दाबाची भांडी ठाऊक नव्हती, पण त्यांनी आंबट नसलेली भाजी ओली कधी कोंडून ठेवली नाही. त्यांनी ती वाळवली. गवारीच्या, भेंडीच्या काचऱ्या, कोहळ्याचे सांडगे, फणसाचे पापड, आंब्याचे साठ यांच्यात पाणीच उरत नाही, मग जंतू वाढणार कसा? फरसबी चिरून, उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढून, कडक उन्हात कुरकुरीत वाळवावी आणि मग खुशाल मोठ्या बरणीत भरावी. ज्या घरी फ्रीझर आहे त्यांनी तशीच पाण्यातून काढून, निथळून त्यात ठेवावी. आणि शेंगा झाडावरच जून होऊ दिल्या तर आतले दाणे खायला होतात आणि बियाणेही होते.

शंका आली तर

झाकण फुगलेले, उघडताना फस्सकन् हवा सुटलेली, पाणी फसफसलेले किंवा गळलेले, वास बदललेला, यांपैकी काहीही दिसले तर चाखून पाहू नये. बोटाला लागेल एवढा अंशही घातक ठरू शकतो. बरणी न उघडता पिशवीत बांधून खोल पुरावी. डुकरांना, कोंबड्यांना, कुत्र्याला घालू नये. त्यांनाही हा आजार होतो. हे विष दहा मिनिटे खळखळ उकळल्याने नष्ट होते हे खरे, पण संशयाचे अन्न उकळून खाण्यासाठी हा आधार घेऊ नये.

बॉटुलिझमची लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी काही दिवसांनीही. एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, तोंडाला कोरड, बोलताना जीभ जड होणे, घास न गिळता येणे, मग हात-पाय लुळे पडणे आणि श्वास अडणे. ताप सहसा नसतो आणि माणूस शुद्धीवर असतो, त्यामुळे घरचे लोक अशक्तपणा समजून वेळ घालवतात. तसे करू नये. श्वासाचे यंत्र असलेल्या मोठ्या इस्पितळात ताबडतोब न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. यावर प्रतिविष आहे, पण ते जितके लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग.

याच जंतूचे बीजाणू मधातही असू शकतात. मोठ्यांना त्याने अपाय होत नाही, परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, पाचव्या दिवशीही नाही आणि बारशालाही नाही.

यंदा पुन्हा त्या वाडीवर गेलो तेव्हा मी आधी मावशींची क्षमा मागितली आणि हे सगळे त्यांना बसून सांगितले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरानं सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. तुम्ही पण त्या दिवशी अर्धंच सांगितलंत." माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते.

त्यांनी ती बरणी मात्र फोडली नव्हती. तशी झाकणबंद पुरायची, असे मी सांगितले होते. पण चार लिटरची बरणी गमवायला मन होईना, म्हणून त्यांनी शेंगा खड्ड्यात ओतून बरणी धुऊन ठेवली होती. हेही धोक्याचेच होते, कारण ओतताना शिंतोडे उडतात. ज्यांच्या हातून असे घडेल त्यांनी बरणी, हात आणि जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने नीट धुवावी आणि वापरलेले फडके टाकून द्यावे. मावशींनी सुदैवाने बरणी ब्लीचिंगच्याच पाण्याने धुतली होती. आता तिच्यात फरसबीचे बियाणे आहे, तळाशी राखेची पुरचुंडी आहे आणि झाकणावर त्यांच्या नातीच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: पिकाचे नाव, भरल्याची तारीख आणि खाली, "हे पेरायचे आहे."